ओझोनच्या थराची जाडी का बदलते?

बांधीतील धानाचे पान टोकाकडून वाळू लागले आणि "आपल्यावरच्या ओझोनला भोक पडले" असे कोणी म्हणाले, तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने काय सांगावे?

ओझोन वायूचा बहुतेक साठा जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर आहे. तो सूर्याचे घातक अतिनील किरण अडवितो. हा सारा वायू जमिनीवर आणून पसरला, तर मध्य भारतात त्याचा थर अडीच-पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे धानाच्या दाण्याच्या रुंदीएवढाच भरेल.

ओझोन मुख्यतः उष्ण कटिबंधातील प्रखर उन्हात तयार होतो. परंतु तेथील हवा सावकाश वर चढून ध्रुवांकडे वाहते व तिकडे खाली उतरते. त्यामुळे जेथे पिकते तेथे साठा थोडा आणि दूरच्या कोठारात मोठा, असा प्रकार होतो.

याखेरीज थोड्या दिवसांचे चढउतार असतात. लाखोरी व हरभऱ्यावर अवकाळी पाऊस आणणारे हिवाळ्यातील पश्चिमी विक्षोभ याचे उत्तम उदाहरण होय. त्यांच्याबरोबर उंचावरून उत्तरेची थंड हवा दक्षिणेस घुसते. ढग व पाऊस यांचा थर जेथे संपतो ती सीमा तेव्हा खाली दबते, वर ओझोनयुक्त हवा भरते व थर जाड होतो. मागून उबदार हवा आली की सीमा उचलली जाऊन थर पातळ होतो. वायू नष्ट झालेला नसतो. तो केवळ सरकलेला असतो. हे फेरफार उत्तर भारतात ठळक, तर भंडाऱ्याच्या अक्षांशावर सौम्य असतात. कमी अक्षांशांवर कोणत्या उंचीवर किती ओझोन असतो, यावर करंदीकर व रामनाथन यांचा निबंध १९४९ सालीच प्रसिद्ध झाला होता.

ज्यास 'भोक' म्हणतात ते अंटार्क्टिकावर, तेथील वसंत ऋतूत पडते. त्याचा शोध १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेथे मात्र अतिथंड हवेत शीतयंत्रांतील वायूंपासून सुटलेला क्लोरीन ओझोनचा खरोखरच नाश करतो.

धान उभे असते त्या पावसाळ्यात पश्चिमेचे हे वारे उत्तरेस हटलेले असतात व येथील थरात दिवसागणिक फारसा बदल होत नाही. तेवढ्याने पान करपत नाही. टोकाकडून व कडांनी पिवळसर होऊन वाळणारे पान बहुधा कडाकरप्याचे असते. अशा बांधीतील पाणी काढून टाकावे आणि नत्र खताचा पुढील हप्ता थांबवावा.