गलबताची प्रतिकृती : मापात पाप नको

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेला गेले की मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड लागतो. टेकडीवर लहानसा किल्ला, खाली खाडी आणि बंदर. एकेकाळी या खाडीतून मालाचे पडाव आत सातवलीपर्यंत जात. आता शिडाची गलबते इतिहासजमा झाली आणि मासेमारीच्या लाकडी होड्यांची जागाही फायबरच्या होड्या घेत आहेत. लाकडाची होडी बांधणारा मिस्त्री कोकणपट्टीत अजून भेटतो, पण त्याच्या हाताला पूर्वीसारखे काम उरलेले नाही. या हातांना पूरक धंदा देऊ शकेल अशी एक वस्तू म्हणजे जुन्या गलबताची प्रमाणबद्ध प्रतिकृती.

ही कल्पना हवेतली नाही. केरळात कोझिकोडजवळच्या बेपूर येथे 'उरू' नावाची मोठी लाकडी जहाजे बांधली जात आणि ती अरबस्तानात विकली जात. मोठ्या जहाजांच्या मागण्या घटल्या तेव्हा तिथे त्याच उरूच्या लहान प्रतिकृती भेटवस्तू म्हणून विकल्या जाऊ लागल्या. आखाती देशांत घरोघर आणि कचेऱ्यांतून अशी जहाजे मांडलेली दिसतात. आपल्या कोकणातील किती तरी माणसे त्याच देशांत नोकरीधंद्याला आहेत, हे वेगळे सांगायला नको.

शोभेची वस्तू आणि प्रतिकृती

बाजारात लाकडी जहाजे पुष्कळ मिळतात. तीन काठ्या उभ्या केल्या, चौकोनी कापड लावले, की झाले जहाज! अशी वस्तू स्वस्त असते आणि तिला भावही तसाच मिळतो. प्रतिकृतीचे तसे नाही. तिच्यात मूळ जहाजाचे प्रत्येक माप एकाच प्रमाणात लहान केलेले असते. गिऱ्हाईक पैसे मोजतो ते लाकडाचे नव्हे, त्या मापाचे.

सुरुवातीला १:२४ हे प्रमाण सोयीचे. यात एका फुटाचा अर्धा इंच होतो. चाळीस फुटी मचव्याची प्रतिकृती वीस इंचांची होते. बारीक भागांसाठी दुसरा हिशेब लक्षात ठेवावा : मूळ एका इंचाचा जवळजवळ एक मिलिमीटर होतो. दीड इंच जाडीची फळी म्हणजे सुमारे दीड मिलिमीटरची पट्टी, आणि एक इंच जाडीचा दोर म्हणजे एक मिलिमीटरचा दोरा. इथेच बहुतेकांची चूक होते. तळ मापात असतो, पण दोर सुतळीएवढा जाड आणि शीड गोणपाटासारखे. मग सगळे जहाज खेळण्यासारखे दिसते.

माप कुठून आणायचे?

खरी अडचण इथे आहे. मराठ्यांच्या आरमारातील गुराबा आणि गलबते आज शिल्लक नाहीत. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. आपले मिस्त्री कागदावर नकाशा काढून जहाज बांधत नसत. माप त्यांच्या नजरेत आणि हातात असे, आणि माणसाबरोबर ते गेले.

तरी काही गोष्टी पक्क्या माहीत आहेत. 'गुराब' हा शब्द अरबी 'घुराब', म्हणजे कावळा, यावरून आलेला. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात लिहून ठेवले आहे की दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांपर्यंत आणि तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची असे. लांबीच्या मानाने ती रुंद, तळाने उथळ आणि पुढे टोकदार नाळ असलेली असे. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे. त्याला दोन डोलकाठ्या, मुख्य शीड त्रिकोणी आणि वल्ही चाळीस ते पन्नास.

एवढ्या माहितीवरूनही हिशेब बसवता येतो. एका बाजूला वीस वल्ही आणि दोन वल्ह्यांत तीन फूट अंतर धरले, तर नुसत्या वल्हेकऱ्यांनाच साठ फूट लागतात. म्हणजे १:२४ ला तेवढाच भाग तीस इंचांचा झाला. दहा वल्ह्यांचे 'आरमारी गलबत' पाहून जाणकार गिऱ्हाईक हसेल.

उथळ तळाचेही तसेच. १६७९ साली खांदेरीच्या लढाईत शिवाजी महाराजांचे आरमारप्रमुख दौलतखान यांच्या लहान नौकांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना जेरीस आणले आणि 'डव्ह' ही त्यांची गुराब पकडली. उथळ पाण्यात सहज वळणारी नौका हे त्यांचे बळ होते. त्या नौकेला विलायती जहाजासारखा खोल तळ दिला तर प्रतिकृती खोटी ठरते.

म्हणून आरमारी गलबताला हात घालण्याआधी किनाऱ्यावर उरलेली एखादी जुनी लाकडी होडी मालकाच्या परवानगीने मोजावी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध दोरी ताणून दर दोन फुटांवर खूण करावी. प्रत्येक खुणेला ओळंबा सोडून खोली घ्यावी आणि कडेपर्यंतची रुंदी घ्यावी. तिथल्या वृद्ध मिस्त्रीला भागांची नावे विचारून वहीत उतरवावी. होडी उद्या सरपणाला गेली तरी वही राहील, आणि पुढची शंभर गलबते त्या वहीतून निघतील.

मापाला आज किती किंमत आहे, याचे ताजे उदाहरण गोव्यात आहे. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून दिवाडी बेटावर 'कौंडिण्य' हे फळ्या दोराने शिवलेले जहाज बांधले गेले. तेव्हा आधी मद्रास आयआयटीत त्याच्या प्रतिकृतीची पाण्यात चाचणी झाली. मे २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झाले.

भाव आणि सवलत

किंमत अंदाजाने सांगू नये. समजा, एका प्रतिकृतीला बारा दिवस लागले आणि रोजची मजुरी आठशे रुपये धरली, तर ९,६०० रुपये झाले. लाकूड, कापड, दोरा यांचे १,४०० आणि मजबूत खोक्याचे ५०० मिळवले की ११,५०० रुपये ही घरची किंमत. नफा त्यावर. खोक्यात कसर करू नये. डोलकाठी मोडली की वस्तूही गेली आणि गिऱ्हाईकही गेला.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय घेतले असून त्यांत सुतार आणि नाव बांधणारे, दोघेही आहेत. प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत अशी तरतूद आहे. योजनेत पाच टक्के व्याजाचे कर्जही आहे, पण ते घेणे सक्तीचे नाही. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनाही प्रशिक्षण आणि अवजारांसाठी अर्ज करता येतो. नोंदणी जनसेवा केंद्रात होते.

शेवटी एक गोष्ट. प्रत्येक प्रतिकृतीखाली छोटी पट्टी लावावी : कोणती नौका, कोणते प्रमाण, कोणते भाग मोजून केले आणि कोणते अंदाजाने. अंदाज कबूल केल्याने भाव कमी होत नाही, उलट विश्वास वाढतो. मापात पाप नको, ही व्यापाराची जुनी शिकवण तराजूइतकीच या अर्ध्या इंचालाही लागू आहे.