लेयर फिरवला की कडा ब्लर का होतात?

वाढदिवसाचा बॅनर करताना हे हमखास होतं. मंडळाचा लोगो एका लेयरवर टाकला, जरा तिरका केला. जास्त झाला, म्हणून थोडा मागे घेतला. आता खालच्या नावाशी जुळेना, परत दोन अंश इकडे. पाच-सहा वेळा असं केल्यावर कोन मनासारखा बसतो, पण लोगोच्या कडा पुसट झालेल्या असतात. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर ते लक्षात येत नाही. दहा फुटी फ्लेक्स छापून आला की येतं, आणि तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

मग खापर प्रिंटरवाल्यावर फुटतं. पण इथे बिघाड आधीच, लेयर फिरवतानाच झालेला असतो.

फोटो म्हणजे गणिताची चौकोनी वही समजा. प्रत्येक चौकटीत एकच रंग, ती चौकट म्हणजे पिक्सेल. कागद हातात धरून फिरवला तर चौकटीही तिरक्या होतात. स्क्रीनवर तसं होऊ शकत नाही. तिथली जाळी कायम सरळच असते. त्यामुळे लेयर १० अंशांनी फिरवायचा म्हणजे सॉफ्टवेअरला सगळ्या चौकटींचे रंग नव्याने ठरवावे लागतात.

हे काम सॉफ्टवेअर उलट्या दिशेने करतं. नव्या जाळीतली एकेक चौकट घ्यायची आणि विचारायचं, फिरवण्याआधी ही जागा जुन्या लेयरवर कुठे होती? उत्तर काढायला दहावीतले साइन-कोसाइन वापरतात. (हो, ते शेवटी इथे उपयोगी पडतात.) अडचण अशी की उत्तर क्वचितच पूर्णांकात येतं. समजा उत्तर आलं रकाना १२.३, ओळ ७.६. अशी चौकटच नाही! मग आजूबाजूच्या चार चौकटींचे रंग मिसळायचे, जी जवळ तिचा वाटा जास्त. आपल्या उदाहरणात रकाना १२, ओळ ८ या चौकटीचा वाटा ४२ टक्के येतो आणि बाकी तिघींचे २८, १८ आणि १२. ती एक चौकट काळी आणि उरलेल्या तीन पांढऱ्या असतील, तर नवा रंग येतो १४८ च्या आसपास, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला तर. म्हणजे चक्क राखाडी. मूळ चित्रात राखाडी कुठेच नव्हता.

या अंदाजाला इंटरपोलेशन म्हणतात. वर सांगितली ती लिनिअर पद्धत. क्यूबिकमध्ये चारऐवजी सोळा चौकटी बघतात, म्हणून कडा जरा बऱ्या राहतात. गिंपमध्ये रोटेट टूल घेतलं की त्याच्या पर्यायांत ही यादी दिसते. तिथे 'नन' निवडलं तर काहीही न मिसळता सर्वांत जवळची चौकट उचलली जाते. रंग शुद्ध राहतात, पण कडांना पायऱ्या पडतात. पिक्सेल आर्टला ते ठीक, फोटोला नको.

आपल्या लिपीत हे जास्त डोळ्यांत भरतं, कारण शिरोरेखा. लांब आडवी रेघ २ अंशांनी तिरकी केली की साधारण दर २९ पिक्सेलला ती एक पिक्सेल वर किंवा खाली सरकते. 'नन'मध्ये ही उडी स्पष्ट दिसते, जणू रेघ तुकड्यातुकड्यांनी जोडली आहे. लिनिअरमध्ये उडी लपते, पण रेघ मऊ पडते.

आता मुख्य भानगड. १० अंश फिरवून परत उणे १० अंश फिरवलं तर मूळ चित्र मिळतं का? नाही. दुसऱ्या वेळी सॉफ्टवेअरकडे मूळ रंग नसतातच, आधीचं राखाडी मिश्रणच असतं. त्याचंच पुन्हा मिश्रण होतं. कोन शून्यावर येतो, ब्लर तसाच राहतो. म्हणून कोन चुकला तर उलटं फिरवू नका, अनडू करा आणि नव्याने फिरवा.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल + टी दाबल्यावर एंटर दाबेपर्यंत लेयर कितीही वेळा इकडेतिकडे फिरवा, हिशोब एकदाच होतो. एंटर दाबलं, परत कंट्रोल + टी घेतलं, की दुसरी फेरी सुरू. त्यामुळे एंटरची घाई नको. स्कॅन केलेलं जुनं कागदपत्र सरळ करायचं असेल तर अंदाजाने फिरवत बसण्यापेक्षा कोन आधी मोजा. फोटोशॉपमध्ये रूलर टूलने कागदाच्या कडेवर रेघ ओढली की वर 'स्ट्रेटन लेयर' बटण दिसतं. गिंप २.१० पासून मेजर टूलमध्येही 'स्ट्रेटन' आहे. एका फटक्यात काम होतं.

पण खरा इलाज माझ्या मते स्मार्ट ऑब्जेक्ट. लेयरवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट' निवडा. आता मूळ पिक्सेल आत सुरक्षित राहतात आणि वर फक्त 'इतके अंश फिरवा' अशी नोंद असते. पन्नास वेळा कोन बदला, दर वेळी हिशोब मूळ चित्रापासूनच होतो. फोटोशॉप विकत घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या फोटोपीमध्येही ही सोय आहे, तेही फुकट. क्रिटामध्ये हेच काम ट्रान्सफॉर्म मास्क करतो.

टेक्स्ट लेयरचं वेगळं. फोटोशॉपमध्ये अक्षरं आकार म्हणून साठवलेली असतात, त्यामुळे रास्टराइज करेपर्यंत बिनधास्त फिरवा. गिंप २.१० मध्ये मात्र फिरवलेला टेक्स्ट लेयर पिक्सेल होऊन बसतो. नंतर त्यात शब्द बदलायला गेलात तर फिरवलेलं सगळं जातं. तिथे शुद्धलेखन आधी तपासा, मग फिरवा.

९०, १८० आणि २७० अंशांना यातलं काही लागू नाही. चौकट बरोबर दुसऱ्या चौकटीवर जाऊन बसते, मिसळायचं कारणच उरत नाही.

राहिले कोपरे. १००० बाय १००० चा चौकोन ४५ अंशांत फिरवला की त्याला १४१४ बाय १४१४ जागा लागते. गिंपच्या रोटेट टूलमध्ये 'क्लिपिंग' 'ॲडजस्ट'वर असेल तर लेयर आपोआप मोठा होतो. 'क्लिप'वर असेल तर बाहेर आलेले कोपरे कापले जातात, आणि नंतर लेयर सरळ केला तरी ते परत येत नाहीत.

आणि नुसतं चित्र काढायला हात सोयीचा व्हावा म्हणून फिरवायचं असेल, तर लेयरला हातच लावू नका. फोटोशॉपमध्ये आर दाबून कॅनव्हास फिरवा, क्रिटामध्ये ४ आणि ६ या कीज आहेत. तिथे फक्त तुमचं बघणं तिरकं होतं, पिक्सेल जागेवरच असतात.