गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाचे मंदावणे

गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाचे मंदावणे म्हणजे त्या कार्डाने स्वतःच्या मूळ क्षमतेपेक्षा बराच कमी वेग देणे होय. खेळ चालू असताना दर सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या फ्रेमांची संख्या घटते, चित्र अडखळते, किंवा पहिली दहा मिनिटे सुरळीत गेल्यावर वेग एकाएकी खाली येतो. अशा वेळी कार्ड बिघडल्याचा समज सहज होतो. प्रत्यक्षात अनेकदा कार्ड सुस्थितीत असते आणि उष्णता, अपुरी वीज किंवा प्रणालीने केलेली चुकीच्या कार्डाची निवड यांपैकी एखादे कारण त्याला रोखून धरत असते. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप मदरबोर्डला सोल्डर केलेली असते. ती निकामी ठरवली गेली की सहसा पूर्ण मदरबोर्ड बदलावा लागतो, म्हणून चुकीचे निदान महागात पडते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) किंवा कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९६०) अशा संस्थांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्रिमितीय आरेखन, सिम्युलेशन आणि मशीन लर्निंग यांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते आणि ते गेमिंग लॅपटॉपमध्येच तुलनेने स्वस्तात मिळते.

उष्णता आणि हवामान

चिपचे तापमान ठरावीक मर्यादेला पोहोचले की कार्ड स्वतःचा वेग कमी करते. एन्व्हिडियाच्या अनेक लॅपटॉप कार्डांत ही मर्यादा ८७ अंश सेल्सियसच्या आसपास असते. हा दोष नसून चिप वाचवण्याची अंगभूत व्यवस्था आहे.

लॅपटॉपचा पंखा खोलीतील हवेपेक्षा चिपला थंड करू शकत नाही. तो चिप व खोली यांच्या तापमानातील फरक तेवढा मर्यादेत ठेवतो. समजा १०० वॉट वीज घेताना चिप खोलीपेक्षा ६० अंश अधिक तापते. जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ती ८४ अंशांवर स्थिरावेल आणि पूर्ण वेग देईल. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेला दुपारी खोली ३८ अंशांवर गेली, तर तोच हिशेब ९८ अंशांवर जातो. मर्यादा ८७ची असल्याने उरतो ४९ अंशांचा फरक, म्हणजे कार्डाला सुमारे ८२ वॉटवरच थांबावे लागते. वेग मात्र त्याच प्रमाणात घटत नाही. वारंवारता कमी होताना व्होल्टेजही उतरते, त्यामुळे १८ टक्के वीज कमी झाली तरी फ्रेमांतील घट त्याहून कमी असते. फ्रेम निम्म्यावर आल्या असतील, तर केवळ उन्हाळ्याला दोष देणे पुरेसे नाही. पत्र्याच्या छताखालील खोलीत दुपारी चाचणी घेऊन काढलेला निष्कर्षही तितकाच फसवा ठरतो. तीच चाचणी पहाटे पुन्हा घेतली की हवामानाचा वाटा वेगळा काढता येतो.

बहुसंख्य गेमिंग लॅपटॉपांत मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांना उष्णता वाहून नेणाऱ्या सामाईक तांब्याच्या नळ्या असतात. प्रोसेसर तापला की त्याचा भार ग्राफिक्स चिपवरही येतो. हवा बहुधा तळाकडून आत घेतली जाते, त्यामुळे गादीवर किंवा गोधडीवर ठेवलेला लॅपटॉप अक्षरशः गुदमरतो. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलून धरणारे लाकडी ठोकळेही या बाबतीत उपयोगी पडतात. बाजारातील पंखेवाल्या कूलिंग पॅडचा फायदा पुष्कळदा या उंचीमुळेच अधिक होतो.

माण, खटाव, आटपाडी, जत हा दोन्ही जिल्ह्यांचा पूर्वभाग पर्जन्यछायेतील असल्याने तेथे धूळ अधिक असते. हळदीच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेल्या सांगलीत कांडप गिरणीजवळच्या घरांत बारीक भुकटीची भर पडते. ही धूळ कपड्यांच्या तंतूंत मिसळून पंखा आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पत्र्या यांच्यामध्ये नमद्यासारखी बसते. बाहेरून पाहता लॅपटॉप स्वच्छ दिसत असतो.

वीजपुरवठा

गेमिंग लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर १८० ते ३३० वॉट क्षमतेचा असू शकतो. त्याऐवजी ६५ किंवा १०० वॉटचा टाइप-सी चार्जर लावल्यास बॅटरी भरते, पण कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. केवळ बॅटरीवर चालवताना हीच अडचण येते. एन्व्हिडियाची बॅटरी बूस्ट ही सोय तर बॅटरीवर फ्रेमांना अनेकदा ३०ची मर्यादा घालते. वीज गेल्यावर खेळ नेमका ३० फ्रेमांवर अडकत असेल, तर कारण बहुधा येथे सापडते. ग्रामीण भागातील कमी व्होल्टेजला मात्र उगाच दोष दिला जातो. अ‍ॅडॉप्टर साधारणतः १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो, त्यामुळे २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तरी वेग घटत नाही. एकाच नावाच्या कार्डांतही फरक असतो: आरटीएक्स ४०६० लॅपटॉप कार्ड उत्पादकाच्या मर्जीनुसार ३५ ते ११५ वॉटपर्यंत कोठेही बसवलेले असू शकते. मित्राच्या लॅपटॉपशी तुलना करण्यापूर्वी हा आकडा पाहणे आवश्यक आहे.

निदान

बहुतेक गेमिंग लॅपटॉपांत प्रोसेसरमधील अंगभूत आणि स्वतंत्र अशी दोन ग्राफिक्स साधने असतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये खेळ चालू असताना स्वतंत्र कार्डाचा वापर शून्याजवळ दिसला, तर काम अंगभूत साधनावर चालले आहे. डिस्प्लेच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या खेळासाठी उच्च कार्यक्षमतेचा पर्याय निवडला की हा प्रश्न मिटतो.

स्वतंत्र कार्डच वापरात असेल, तर एमएसआय आफ्टरबर्नर किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारख्या मोफत साधनाने वापर, तापमान, वॉट आणि वारंवारता असे चार आकडे किमान पंधरा मिनिटे एकत्र पाहावेत. तापमान मर्यादेला टेकून वारंवारता उतरत असेल, तर दोष उष्णतेचा. तापमान ६०-६५ अंशच असताना वॉट ठरावीक खालच्या आकड्यावर अडकले असतील, तर अ‍ॅडॉप्टर किंवा उत्पादकाच्या साधनातील शांत मोड तपासावा. कार्डाचा वापर ५०-६० टक्केच असेल, तर ते मुख्य प्रोसेसरची वाट पाहत असते किंवा फ्रेमांवर मुद्दाम घातलेली मर्यादा लागू असते. रॅमची एकच पट्टी बसवलेल्या लॅपटॉपमध्ये हा प्रकार विशेषत्वाने आढळतो. दुसरी समान पट्टी हा त्यावरचा कमी खर्चाचा उपाय आहे. चार जीबी ग्राफिक्स स्मृती भरून गेल्यास चित्र हिसके देते, अशा वेळी टेक्श्चरची प्रत उतरवावी.

ड्रायव्हर नव्याने टाकणे योग्य ठरते ते तक्रार अद्ययावतीकरणानंतर लगेच सुरू झाली असेल तेव्हा. दुकानांत सर्रास सुचवली जाणारी विंडोजची पुनर्स्थापना धूळ काढत नाही.

सफाई आणि दुरुस्ती

सफाईपूर्वी लॅपटॉप बंद करून बॅटरीची जोडणी काढतात. ब्लोअरने हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात, नाहीतर पंखा अतिवेगाने फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते. काही वर्षे वापरलेल्या लॅपटॉपात चिपवरील औष्णिक लेप सुकतो किंवा कडेला सरकतो. तो बदलल्यावर तापमानात स्पष्ट उतार दिसू शकतो. वॉरंटी चालू असल्यास हे काम अधिकृत सेवाकेंद्राकडे सोपवणे हिताचे. चिपला गरम हवा देऊन जिवंत करण्याचा उपाय मंद कार्डासाठी नाही. बंद पडलेल्या कार्डातही त्याचा परिणाम बहुधा तात्पुरता ठरतो.

पुरात भिजलेले लॅपटॉप

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५७ फुटांवर गेली आणि शहरातील अनेक घरांत पाणी शिरले. पुराच्या पाण्यात गाळ व विरघळलेले क्षार असतात. पाण्यात गेलेला लॅपटॉप सुकल्यावर चालू झाला, तरी जोडण्यांवर गंज काही आठवड्यांनी धरू शकतो. पंख्याची जोडणी गंजली की त्याची पहिली खूण कार्ड मंदावण्याच्या रूपात दिसते. असा लॅपटॉप सुरू करून पाहू नये. बॅटरी अलग करून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घेतल्यानंतरच त्याला वीज द्यावी, आणि पाण्यात गेलेली लिथियम बॅटरी पुन्हा वापरू नये.