विजेच्या तारेवरचा निरोप: चुका होणारच, त्याचे काय?

फ्रान्समधले 'लिंकी' वीजमीटर आपला आकडा वीज आणणाऱ्या तारेवरूनच रोहित्राजवळच्या उपकरणापर्यंत पोहोचवतात. त्यावर सर्रास समज असा, की थेट तार जोडलेली आहे म्हणजे निरोप बिनचूक जाणार, आणि अडलाच तर संदेशाचा जोर वाढवला की झाले. दोन्ही चूक. ही तार ५० हर्ट्झच्या विजेसाठी ओढलेली आहे. चार्जर, मोटारी, डिमर सगळेच तिच्यावर खरखर सोडतात. दिव्याचा डिमर तर विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनात, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी, ठोका देतो. जोर वाढवायलाही मोकळीक नाही: युरोपात वीजकंपन्यांना ३ ते ९५ किलोहर्ट्झचा पट्टा आहे आणि त्यात संदेशाच्या पातळीवर मानकाची मर्यादा आहे. तेव्हा चुका होणार हे धरूनच निरोप बांधावा लागतो.

मग प्रत्येक बिट लागोपाठ तीनदा पाठवला तर? एकाच ठोक्यात तिन्ही प्रती जातात. नव्या लिंकी मीटरांतल्या 'जी-३' पद्धतीत म्हणून तिहेरी तजवीज आहे. १९६० च्या रीड-सॉलोमन संकेतात २३९ बाइट माहितीला १६ तपासणी बाइट जोडतात. २५५ पैकी कोणतेही ८ बिघडले तरी मूळ मजकूर परत मिळतो. बाइटमधला एक बिट बिघडो वा आठही, चूक एकच धरली जाते. त्यावर दुसरा, कॉन्व्होल्यूशनल संकेत चढवून बिटांची संख्या दुप्पट करतात. शेवटी शेजारचे बिट वेळेत आणि कंप्रतेत दूर दूर पांगवतात. त्यामुळे सलग बसलेला तडाखा उलगडताना सुट्या चुकांत विखुरतो, आणि सुट्या चुका दुरुस्त करता येतात.

यावर आक्षेप येतो, की निम्मी क्षमता वायाच गेली. पण मीटरचा आकडा मोजक्या बाइटांचा असतो, आणि तोच निरोप उघडाच पुन्हा पाठवला तर तोच डिमर त्यालाही गाठतो. संकेत म्हणजे जादू नव्हे, हेही खरे: बिघडलेले बाइट आठांवर गेले की हा संकेत हात टेकतो, आणि निरोप फिरून मागवावा लागतो. गुप्ततेशीही त्याचा संबंध नाही; त्याची रीत जाहीर आहे, आणि कुलूप लावायचे काम एन्क्रिप्शन वेगळे करते. ही तार कधीच शांत नव्हती. तिच्यावरून आकडा पोहोचतो तो आधीच जोडून ठेवलेल्या जादा बिटांमुळे.