पाना आणि पराक्रम

खोगीर नीट बसलें नाहीं तर उत्तम घोडेस्वारही थोड्याच मजलेंत बेजार होतो. सायकलीचेंही तसेंच आहे. आणि या गोष्टीची प्रचीति बेल्जमचे एडी मर्क्स यांच्याइतकी क्वचितच कोणास आली असेल.

मर्क्स यांचा जन्म १९४५ सालचा. आईबापांचें ब्रसेल्सलगत किराण्याचें दुकान होतें. फ्रान्सभर सुमारें तीन आठवडे चालणाऱ्या 'तूर द फ्रान्स' या शर्यतींत ते १९६९ सालीं प्रथमच उतरले व विजयी झाले. परंतु त्याच वर्षीं सप्टेंबरांत ब्ल्वा येथील शर्यतीच्या वर्तुळाकार मार्गावर घोर अपघात झाला. त्यांच्यापुढें यांत्रिक सायकलीवरून चालणारे फेर्नां वांब्स्त ठार झाले. मर्क्स बेशुद्ध पडले व त्यांच्या पाठीस व कमरेस जबर दुखापत झाली.

तेव्हांपासून वेदनेनें त्यांची पाठ सोडली नाहीं. सीट केंसभर वरखालीं केली तर बरें वाटेल, या आशेनें ते खिशांत पाना बाळगीत आणि भर शर्यतींतही तिची उंची बदलीत. तरीही तूरचीं एकंदर पांच विजेतेपदें त्यांनीं मिळविलीं, आणि १९७२ सालीं मेक्सिको शहरीं एका तासांत ४९.४३१ किलोमीटर अंतर तोडलें.

सीट फार खालीं असली तर गुडघ्यांवर ताण पडतो. फार वर असली तर कंबर डुलूं लागते. परंतु सर्वच दोष पान्यानें दूर होत नाहींत. सांगाड्याच्या नळ्यांतील कोन अंशभर बदलला तरी स्वाराचा भार पुढेंमागें सरकतो. दोन चाकांतील अंतर वाढविलें तर सायकल स्थिर चालते. घटविलें तर वळणास चपळ होते. हीं मापें सांगाडा जोडतांनाच ठरतात.

१९७८ सालीं शर्यतींतून निवृत्त झाल्यावर, १९८० सालीं, मर्क्स यांनीं ब्रसेल्सनजीक सायकलींचा कारखाना काढला. केवळ नांव विकूनही पैसा मिळाला असता. परंतु पूर्वीं ज्यांनीं त्यांच्या सायकली बांधल्या, त्या इटलीच्या उगो दे रोझा यांचें साह्य घेऊन त्यांनीं हें काम उभारलें. पुढें नामांकित संघांचे स्वार त्यांच्या सायकलींवरून शर्यतींत उतरले. २००८ सालीं त्यांनीं कारखान्याची बहुतांश मालकी विकली.

जो माणूस स्वतःच्या सायकलीवर क्वचितच सुखानें बसला, त्यानें इतरांची बैठक नीट बसावी म्हणून अठ्ठावीस वर्षें खर्चिलीं.