स्फोटप्रवण क्षेत्रातील विद्युत् उपकरणे : लेखांक चौथा
दाखला आणि दक्षता

ज्वालाग्राही वायू व वाफा यांच्या वावरानुसार कारखान्याच्या आवाराचे तीन विभाग कसे पाडतात, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले : स्फोटक मिश्रण जेथे सतत अथवा दीर्घकाळ असते तो झोन ०, नेहमीच्या कामकाजात जेथे ते अधूनमधून उद्भवण्याचा संभव असतो तो झोन १, आणि जेथे ते सहसा उद्भवत नाही व उद्भवलेच तर अल्पकाळ टिकते तो झोन २. या विभागणीचा नकाशा तयार झाला, त्याबरहुकूम प्रमाणित उपकरणे खरेदी झाली आणि त्यांचे दाखले दप्तरी दाखल झाले, की आपली जबाबदारी संपली, असा जो समज कारखानदारांत रूढ आहे, त्याचा परामर्श आज घ्यावयाचा आहे.

फ्लेमप्रूफ जंक्शन बॉक्सचेच उदाहरण घेऊ. वायू आत शिरेल, ठिणगीने पेटेल आणि पेटीच्या पोटात स्फोटही होईल, हे गृहीत धरूनच तिची रचना केलेली असते. तो दाब सोसण्याइतक्या तिच्या भिंती भक्कम असतात आणि झाकण व बैठक यांच्या सपाट पृष्ठांमधील फट इतकी अरुंद असते, की तिच्यातून निसटणाऱ्या तप्त वायूंत बाहेरचे मिश्रण पेटविण्याचे सामर्थ्य उरत नाही. प्रयोगशाळेत प्रोपेनच्या बाबतीत ही फट सुमारे ०.९ मिलिमीटरपर्यंत निर्धोक ठरते. हायड्रोजनच्या बाबतीत ती मर्यादा सुमारे ०.३ मिलिमीटरवर येते. अशा पेटीचा एक बोल्ट दुरुस्तीनंतर परत बसविला नाही, वापरात नसलेले केबलचे छिद्र प्रमाणित प्लगने बुजविले नाही, किंवा केबलच्या प्रवेशाशी साधे (फ्लेमप्रूफ नसलेले) केबल ग्लँड बसविले, तर दाखला दप्तरात जसाच्या तसा राहतो आणि पेटीचे संरक्षण मात्र नाहीसे होते.

याहून सूक्ष्म कसूर खात्याखात्यांच्या सीमेवर घडते. उत्पादन खात्याने एखाद्या प्रक्रियेत जुन्या द्रावकाऐवजी ईथर वापरण्याचे ठरविले आणि ती वार्ता विद्युत् खात्यास कळविली नाही, तर टी ३ वर्गाची, म्हणजे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापण्याची मुभा असलेली मोटर त्याच जागी चालू राहते; ईथर त्याहून कमी तापमानालाच आपोआप पेट घेते, म्हणून तेथे १३५ अंशांची मर्यादा पाळणारी टी ४ वर्गाची मोटर हवी. येथे कोणीही आपले नेमून दिलेले काम चुकविलेले नसते, आणि तरीही सर्वांचा जीव टांगणीला लागतो.

पेट्रोलियम नियम, २००२ अन्वये अशा उपकरणांना मान्यता देणाऱ्या, नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेची मोहोर उपकरणाच्या घडणीची ग्वाही देते. त्याच्या पुढील आयुष्याची राखण कारखान्यानेच करावयाची असते. त्याकरिता प्रत्येक उपकरणाचा क्रमांक, झोन, वायुगट, तापमानवर्ग, दाखल्याचा क्रमांक आणि ते कोणी, केव्हा व कशासाठी उघडले याची नोंद एकाच वहीत असावी. विद्युत् अभियंत्याच्या सहीवाचून प्रक्रियेत फेरफार होऊ नये. बाहेरच्या ठेकेदाराचे काम तपासून घेतल्याखेरीज वीज परत सोडू नये. आणि या सर्वांचा मेळ घालणारा एकच जबाबदार अंमलदार असावा, ज्यास प्रसंगी उत्पादन थांबविण्याचा अधिकार असेल. हा शेवटचा अधिकार देण्यास व्यवस्थापन कचरते. परंतु तो नसेल, तर दोष वहीत टिपला जाईल आणि यंत्र तसेच चालू राहील.

नुसत्या नजरेची, जवळून करावयाची आणि उपकरण उघडून करावयाची, अशा तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. त्यांपैकी कोणती केव्हा पुरेशी मानावी, याचा विचार पुढील लेखांकात करू.