भोंगा बंद झाल्यावर मत कुठे जाते?

अमेरिकेत दर चार वर्षांनी अध्यक्षपदाची निवडणूक होते आणि अलीकडे प्रत्येक वेळी एक प्रश्न आपल्याकडेही विचारला जातो. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारा तिथला कामगार रिपब्लिकन पक्षाकडे, म्हणजे एकेकाळी ज्याला तो ‘मालकांचा पक्ष’ म्हणत असे त्या पक्षाकडे, का वळला? मी काही राज्यशास्त्राचा अभ्यासक नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. गिरणीचा भोंगा बंद झाला की घरातले काय काय बदलते, ते मी पाहिले आहे. त्यामुळे या प्रश्नाने मला कधी सोडले नाही.

आधी ही निष्ठा आली कुठून ते पाहू. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेत लाखो लोक बेकार झाले. फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि त्यांच्या काळात, १९३५ साली, कामगारांना युनियन स्थापन करून मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क कायद्याने मिळाला. पुढच्याच वर्षी ३० डिसेंबरला मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप केला. ते दाराबाहेर गेले नाहीत, कारखान्यातच बसून राहिले. ४४ दिवस! शेवटी कंपनीला युनियन मान्य करावी लागली. ज्यांच्या बापजाद्यांनी असे दिवस काढले, त्यांना पक्ष कोणता हे शिकवावे लागत नव्हते. बापाच्या ओळखीने पोराला कारखान्यात काम मिळे, कामाबरोबर युनियनचे कार्ड मिळे आणि कार्डाबरोबर पक्ष. युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारी सुटत, तिथेच पोरांचे खेळ, लग्नांच्या मेजवान्या आणि निवडणुकीची चर्चा होई. मत हे त्या सगळ्या गोतावळ्याचे होते.

आता डेट्रॉइट शहराला लागून असलेल्या मॅकोंब या जिल्ह्याकडे येऊ. मोटार कारखान्यांत काम करणाऱ्या गोऱ्या कुटुंबांची ही वस्ती. १९६० मध्ये इथे जॉन केनेडी यांना ६३ टक्के मते पडली. १९८४ मध्ये याच जिल्ह्याने रिपब्लिकन रोनाल्ड रेगन यांना सुमारे दोन तृतीयांश मते दिली. चोवीस वर्षांत गाव तेच, कारखाने तेच, पुष्कळसे मतदारही तेच. मग झाले काय?

डेमोक्रॅटिक पक्षासाठी काम करणारे जनमत-अभ्यासक स्टॅनली ग्रीनबर्ग यांनी १९८५ मध्ये या मतदारांना लहान गटांत बसवून बोलते केले. त्यातून जे बाहेर आले ते ऐकायला सुखाचे नव्हते. महागाई, बेकारी यांची चिंता होतीच. पण आपला पक्ष आता आपला राहिला नाही, आपल्या कराचे पैसे घेऊन तो दुसऱ्यांना देतो, असे या लोकांना वाटत होते. आणि ‘दुसरे’ म्हणजे प्रामुख्याने काळे लोक. सत्तरच्या दशकात डेट्रॉइट आणि भोवतालच्या वस्त्यांतली मुले बसने एकमेकांच्या शाळांत पाठवून गोऱ्या-काळ्यांच्या शाळा एक करण्याची योजना न्यायालयाच्या आदेशाने पुढे आली होती. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली. योजना गेली, राग राहिला. तेव्हा मॅकोंबची गोष्ट केवळ गरीब बिचाऱ्या कामगाराची गोष्ट म्हणून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिच्यात वंशद्वेष आहे आणि तो लपवून चालणार नाही.

पण सारे खापर द्वेषावर फोडले की दुसरी बाजू दिसेनाशी होते. ओहायो राज्यातले यंग्सटाउन हे पोलादाचे गाव. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. त्या दिवशी तिथल्या मोठ्या पोलाद कारखान्याचा एक प्रचंड विभाग बंद करत असल्याची घोषणा झाली आणि सुमारे पाच हजार लोकांची कामे गेली. तिथे त्या दिवसाला आजही ‘काळा सोमवार’ म्हणतात. मागोमाग बाकीच्या भट्ट्या विझल्या. १९३० मध्ये एक लाख सत्तर हजार वस्तीचे हे शहर २०२० च्या जनगणनेत साठ हजारांवर आले. पोलाद कामगार गेला की त्याच्यामागे शिंपी, न्हावी, खानावळवाला, शाळेतला मास्तर सगळेच जातात.

हे एका गावापुरते राहिले नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांत सुमारे एक कोटी पंच्याण्णव लाख लोक काम करत होते. २०१० च्या सुरुवातीला ते एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास उरले. यंत्रे सुधारली, मंदी आली, माल बाहेरून येऊ लागला, अशी अनेक कारणे त्यात आहेत. पण कामगाराच्या लक्षात राहिल्या त्या दोन सह्या. मेक्सिको आणि कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार १९९४ पासून लागू झाला. चीनशी कायमचे व्यापारी संबंध सुरळीत करण्याचा कायदा २००० मध्ये झाला. दोन्हींच्या कायद्यांवर सही बिल क्लिंटन यांची, म्हणजे डेमोक्रॅटिक अध्यक्षाची. दोन्हींना रिपब्लिकनांचा भक्कम पाठिंबा होता, हेही खरे. पण परक्याने मारले तर माणूस सोसतो. घरच्याचा मार विसरत नाही.

याच काळात युनियन क्षीण झाली. १९५० च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतले जवळपास एक तृतीयांश कामगार युनियनचे सभासद होते. २०२४ मध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही किंचित खाली आले. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. कारखाना गेला, कचेरीला कुलूप लागले, निवडणुकीच्या आधी दारावर येऊन ‘यंदा असे का आणि तसे का’ हे समजावणारा ओळखीचा माणूस येईनासा झाला. पक्षाचे नाव तेवढे सवयीने जिभेवर राहिले. सवय काही वर्षे टिकते. मग एखाद्या निवडणुकीत कुणी तरी येतो, म्हणतो, ‘तुमच्यावर अन्याय झाला आहे’, आणि ती सवय सुटते. म्हणून कारखाना बंद होणे आणि मत बदलणे यांत कधी कधी एका पिढीचे अंतर पडते.

२०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी नेमके हेच केले. त्या व्यापार कराराचे नाव घेऊन ते सभांमधून बोलले. अमेरिकेत अध्यक्ष थेट देशभरच्या मतांच्या बेरजेवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक निर्वाचक असतात, एकूण ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख मते जास्त पडूनही त्या हरल्या. कारण मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हानिया ही कारखान्यांची तीन राज्ये. तिन्ही मिळून फरक ऐंशी हजार मतांच्याही आत! मिशिगनमध्ये तर तो ११ हजारांहून कमी होता आणि एकट्या मॅकोंबने ट्रम्प यांना सुमारे ४८ हजारांची आघाडी दिली. याच मॅकोंबने २००८ आणि २०१२ मध्ये बराक ओबामा यांना निवडले होते. तेव्हा द्वेष हे एकच उत्तर पुरत नाही, हे इथे दिसते. पुढे २०२० मध्ये ही तिन्ही राज्ये जो बायडेन यांच्याकडे गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्प यांच्याकडे आली.

मग पैसा हे एकच उत्तर आहे का? तेही नाही. डेट्रॉइटचे, यंग्सटाउनचे काळे कामगारही बेकार झाले, पण त्यांतले बहुसंख्य पक्ष सोडून गेले नाहीत. त्यांच्या मागे त्यांचे चर्च होते, वस्तीतल्या संस्था होत्या, नागरी हक्कांच्या लढ्याची आठवण होती. म्हणजे मत टिकवून धरणारा गोतावळा होता.

यंग्सटाउनजवळ लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. जुलै २०१७ मध्ये ट्रम्प यंग्सटाउनला आले आणि लोकांना म्हणाले, कामे परत येणार आहेत, घरे विकू नका. मार्च २०१९ मध्ये त्या कारखान्यातून शेवटची मोटार बाहेर पडली. तरीही २०२० मध्ये यंग्सटाउनच्या जिल्ह्याने ट्रम्प यांना आघाडी दिली. १९७२ नंतर पहिल्यांदाच तिथे रिपब्लिकन उमेदवार पुढे राहिला. शिकलेली माणसे हे ऐकून कपाळावर हात मारतात. म्हणतात, ‘यांना स्वतःचे हितही कळत नाही.’

हे वाक्य मीही एकदा बोललो आहे. नव्वदच्या दशकात आमची गिरणी बंद पडली. अब्बांची ग्रॅच्युइटी अडकली. युनियनची कचेरी बंद झाली आणि पुढे त्या जागेत कापडाचे दुकान आले. १९९६ च्या लोकसभेच्या वेळी अब्बांनी जन्मात पहिल्यांदा युनियनच्या झेंड्याला सोडून मत दिले. मी नुकता पदवीधर झालो होतो, चार पुस्तके वाचली होती. मी चिडून म्हणालो, “अब्बा, ज्यांनी तुमचा पगार वाढवून दिला त्यांनाच विसरलात?” ते खाटेवर बसून विडी वळत होते. वर न पाहता आमच्या दखनीत म्हणाले, “जो पूछने को आया, उसको दिया.” गिरणी बंद झाल्यापासून आमच्या गल्लीत जुन्यांपैकी कुणी फिरकले नव्हते, हे मला ठाऊक होते. मी गप्प बसलो.

माझ्या नावामुळे पुष्कळ जण मला डिअरबॉर्नबद्दल विचारतात. फोर्डच्या या गावात कामासाठी आलेल्या अरबांची मोठी वस्ती आहे. २०२० मध्ये गावाने बायडेन यांना भरभरून मते दिली. २०२४ मध्ये तिथे ट्रम्प ४२ टक्के घेऊन पहिले आले, कमला हॅरिस ३६ टक्क्यांवर राहिल्या. इथला घाव कारखान्याचा नव्हता, गाझातल्या युद्धाचा होता. पण ‘आमचे मत गृहीत धरता, आमचे ऐकत मात्र नाही’ ही तक्रार ओळखीची आहे.

विचारायला आलेला माणूस नेहमी भला असतो असे नाही. १९८० मध्ये अमेरिकेतल्या विमान-वाहतूक नियंत्रकांच्या युनियनने रेगन यांना पाठिंबा दिला. पुढच्याच वर्षी संप केला म्हणून रेगन यांनी त्यांतल्या अकरा हजारांहून अधिक लोकांना कामावरून काढले. दारावर येणारा फसवूही शकतो. पण जो दारावर येतच नाही, त्याने मत गेले म्हणून कामगाराला मूर्ख म्हणू नये.

अब्बांचे पैसे त्यांच्या हयातीत मिळाले नाहीत. ज्याला त्यांनी त्या वर्षी मत दिले, तोही पुन्हा आला नाही. पुढच्या निवडणुकीत त्यांनी कुणाला दिले, ते मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)